डाव्या मडगार्डचं पोट

बॉनेट बसेना.

तीनदा उतरवलं, तीनदा चढवलं. बिजागऱ्या सैल केल्या, परत आवळल्या. खालची रबरं काढून बघितली. बॉनेटची कड मडगार्डवर चढतच होती. डावीकडे बोटभर, उजवीकडेही बोटभर, अगदी मोजून केल्यासारखी. एकाच बाजूला चढली असती तर मी स्वतःला चार शिव्या घातल्या असत्या आणि तिथला पत्रा दाबून मोकळा झालो असतो. पण दोन्हीकडे सारखंच चुकलं की घाम फुटतो. असली चूक हात घसरल्यानं होत नाही. ती कुठून तरी आधीपासून चालत आलेली असते.

ट्रक लांब नाकाचा, जुना. असे ट्रक बनायचे बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे त्यांचे भाग मिळत नाहीत. जे सडलं ते पत्र्यातून नव्यानं घडवायचं, हाच आमचा धंदा. या ट्रकच्या उजव्या मडगार्डची गंजून चाळणी झाली होती. डावं मात्र धडधाकट. पहिल्याच दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खुर्चीत बसल्या बसल्या काठी उचलून त्याच्यावर टकटक केलं.

"हे कंपनीचं आहे. याच्यावरून छाप घे. डोळे झाकून घे."

मी डोळे झाकले. गुडघे गेल्यापासून आबा हातोडी उचलत नाहीत, पण शेडमध्ये शब्द त्यांचाच चालतो. डाव्या मडगार्डवर मी कागद ताणून चिकटवला, गोलाईवर चिरा दिल्या, जिथे कागद फाकला तिथे पत्रा किती ताणायचा याच्या खुणा केल्या. मग कागद उलटा केला, आतली बाजू बाहेर. डाव्याचं उजवं झालं. त्या मापानं अठरा गेजचा पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं ठोकून त्याचं पोट काढलं, दोन लोखंडी चाकांच्या मधून शेकडो वेळा पुढेमागे ओढून गुळगुळीत केलं. एकोणीस दिवस गेले. लोकांना वाटतं पत्रा ठोकणं म्हणजे गाढवासारखी ताकद लावणं. येऊन एकदा ठोकून बघा. एक घाव जास्त पडला की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा परत आकसवताना आई आठवते.

शेवटी आबांनी काठीवर वाकून नव्या मडगार्डवर तळवा फिरवला. "बरं आहे," म्हणाले. इतर लोक मिठी मारून जे सांगतात ते आबा "बरं आहे" म्हणून उरकतात. मी दोन दिवस हवेत होतो.

आणि आता बॉनेट बसेना. बॉनेटवर संशय घ्यायची सोय नव्हती. त्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचा ठसा होता, पत्र्याला कुठे हातोडी लागलेली नव्हती. तो दिवस होता बुधवार. शनिवारी दहा वाजता ड्रायव्हरकाका, ज्यांनी हा ट्रक आयुष्यभर चालवला ते, गाडी बघायला येणार होते.

"अहो," बायकोनं हाक मारली. "इकडे या. आधी आबांना चहा द्या आणि मग या."

माझी बायको रंगाचं बघते. जुना रंग खरवडायचा, घासायचं, नवा मारायचा. बोलायला फटकळ आहे, कुणाला काही कानात सांगायची तिला सवय नाही. त्यामुळे "आधी आबांना चहा द्या" ऐकल्यावर मी हातातला पाना तसाच खाली ठेवला. आबा दाराशी उन्हात पेपर धरून बसले होते. चहा त्यांच्या हातात दिला आणि मागे आलो.

तिनं डाव्या मडगार्डवरचे रंगाचे सात थर खरवडले होते. खाली पत्रा उघडा पडला होता आणि त्यावर, अगदी फुगीर भागावर, वीतभर लांबीची पिवळी रेघ होती.

"कंपनी पितळेचा टाका मारते का हो?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"मग वाका आणि आतून बघा. कडेला."

मी आडवा झालो, टॉर्च मारली. आतल्या कडेवर पंचनं मारलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात. ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आबांना सही करता येत नव्हती तेव्हापासून काम संपलं की ते आतल्या बाजूला असे तीन ठिपके मारतात. आमच्या घरातल्या पाण्याच्या पिंपावर आहेत. माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर होते.

"विसरले असतील," बायको म्हणाली.

"आबा? मी दुसरीत कुणाच्या खिडकीची काच फोडली ते त्यांना वारासकट आठवतं."

हातातली पट्टी तिनं फडक्याला पुसली, परत पुसली.

मला दोन आठवड्यांपूर्वीचं बोलणं आठवलं. ड्रायव्हरकाकांची मुलगी शाळेत मास्तरीण आहे. वडिलांसाठी ही गाडी तीच उभी करून घेते आहे. त्या दिवशी ती शाळा सुटल्यावर आली होती, टेबलाला टेकून गप्पा मारत होती.

"आमचे बाबा गावभर सांगत फिरतात, आयुष्यात गाडीला ओरखडा लागू दिला नाही म्हणून," ती हसत म्हणाली होती. "आणि मालकानं यांना वर्षभर गाडीवरून खाली उतरवलं होतं. कुठेतरी धडकवली आणि गुपचूप ठोकून आणली म्हणून. रंगात फरक दिसला ना. वर्षभर गोण्या उचलल्या त्यांनी. पण कबूल? नाव नको. आई शेवटपर्यंत म्हणत होती, अहो, एकदा हो म्हणा आणि मोकळे व्हा."

ती हसली म्हणून मीही हसलो होतो. आबांची काठी तेव्हा खाली पडली होती. मला वाटलं, डुलकी लागली असेल.

आता सगळं जागेवर बसत होतं, बॉनेट सोडून. आणि तेही का बसत नाही ते कळलं. आबांनी कधीतरी ठोकलेलं डावं मडगार्ड जरा जास्तच फुगलेलं होतं. इतकी वर्षं बॉनेट उजवीकडे थोडं सरकून ते सहन करत होतं. मी त्या फुगलेल्या पोटाचीच नक्कल करून उजवीकडे लावली. आता सरकायला जागाच उरली नव्हती.

बुधवारी मी काही बोललो नाही. जेवताना आबांनी विचारलं, "बसलं का?" मी म्हटलं, "बसेल." बायकोनं माझ्या ताटात न मागता भाजी वाढली. तिची चिडायची पद्धत आहे ती.

गुरुवारी सकाळी शेडमध्ये आम्ही दोघंच असताना मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो. वय एकेचाळीस, आणि वडिलांशी बोलायचं म्हटलं तर तळहाताला घाम.

"आबा, बॉनेट दोन्हीकडे बोटभर चढतंय."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "मग कडा काप. दोन्हीकडून बोटबोटभर काप आणि नवीन कड दुमड."

"बॉनेट कंपनीचं आहे."

"असेल. पत्राच आहे ना?"

हे आबा बोलत होते. मूळच्या पत्र्याला कात्री लावली म्हणून ज्यांनी मला लग्नानंतरसुद्धा सगळ्यांसमोर कान धरून बाहेर काढलं होतं, ते.

"डाव्या मडगार्डला पितळ निघालंय," मी म्हणालो. "आणि तीन ठिपके."

पेपर तसाच धरलेला होता, पण ते वाचत नव्हते. कागदाची कड हलत होती.

"दाराच्या कुलपासाठी आली होती गाडी," ते पेपरामागूनच म्हणाले. "वाटेत उभी होती, मागे घ्यायची होती. तो जेवायला गेलेला. मला कुठे चालवता येत होती नीट. फाटकाच्या खांबाला लागली. तू तापानं फणफणला होतास त्या दिवशी, तुझी आई सारखे निरोप धाडत होती, मी घाईत..."

"माझ्यावर ढकलू नका."

"ढकलत नाही. झालं तसं सांगतोय." पेपर खाली आला. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "त्याला म्हटलं, कुलपाला वेळ लागेल, संध्याकाळी ये. दुपारभरात ठोकलं. पत्रा फाटला होता, पितळ भरलं. घाईत पोट जास्त निघालं. रंग मारला. मला वाटलं जुळला."

"आणि काकांना उतरवलं तेव्हा?"

"मला आठ दिवसांनी कळलं."

"मग?"

"मग आठ दिवस उशीर झाला होता."

"त्याला एकतीस वर्षं झाली आबा."

"मला मोजता येतं." ते काठी टेकवत उठले. उठताना त्यांना नेहमी माझा हात लागतो, आज त्यांनी घेतला नाही. "दर महिन्याला तो इथे चहाला येतो. माझ्या शेजारी बसतो. कधी विचारलं नाही त्यानं."

"त्यांना ठाऊकच नाही तर विचारणार काय?"

"म्हणून म्हणतो, बॉनेट काप." खिशातला खडू काढून त्यांनी बॉनेटच्या दोन्ही कडांवर रेघ मारली. रेघ सरळ आली. रेघ त्यांची नेहमीच सरळ येते, ह्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

शुक्रवारी मी ग्राइंडर दोनदा सुरू केला आणि दोनदा बंद केला. बॉनेट कापलं असतं तर कुणालाही काहीही कळलं नसतं. दोन्ही मडगार्डं सारखी, बॉनेट मधोमध, फट एकसारखी, वर काळा रंग. मास्तरीण खूश झाली असती. गाडीवरचा एकमेव खरा पत्रा आमच्या खोट्याला बसेल असा झाला असता, इतकंच. आणि मडगार्ड कापायचं तर का कापलं हे सांगावं लागणार. धडधाकट मडगार्ड पत्रेवाला उगाच कापत नाही. मास्तरीण रोज येऊन फोटो काढत होती, तिनं पहिलं तेच विचारलं असतं.

"कापणार आहात?" बायकोनं विचारलं.

"तू सांग."

"मी कशाला सांगू? मी रंगवाली. झाकायचं काम माझंच आहे. तुम्ही काहीही करा, मी त्याच्यावर असा रंग मारीन की तुम्हालासुद्धा सापडणार नाही." ती सँडपेपर घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "फक्त त्या मास्तरणीसमोर मला उद्या उभं करू नका. ती मला ताई म्हणते."

कापलं नाही म्हणून मला शूर समजायचं कारण नाही. मी फक्त उद्यावर ढकललं. तेवढा आबांच्या पोटचा आहे मी.

शनिवारी दहाची वेळ ठरली होती आणि ड्रायव्हरकाका साडेआठलाच हजर झाले. रिक्षातून आधी काठी उतरली, मग ते. माणूस वाळला आहे, पट्टा शेवटच्या भोकात, पण हात अजून तेच, फावड्यासारखे. मागून मास्तरीण, हातात फोन, फोटोच्या तयारीत.

"काय पत्रेवाल्या," ते दारातूनच आबांना म्हणाले, "आहेस अजून?"

"तुला पोचवल्याशिवाय जातो होय," आबा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पण आज आबांनी लगेच पेपर उघडला.

काका गाडीजवळ गेले. नव्या मडगार्डवर हात फिरवला, माझ्याकडे बघून मान हलवली. मग बॉनेटवरच्या खडूच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही कसली खूण? बॉनेट कापताय?"

बायको प्रायमरचा डबा उगीचच ढवळायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते.

"ते... उन्हानं वाढलंय काका. पत्रा आहे ना, फुगतो."

काका क्षणभर बघत राहिले. "उन्हानं वाढतं होय? मी पन्नास वर्षं उन्हातच काढली बाबा, माझं तर काही वाढलं नाही."

मास्तरीण "बाबा!" म्हणून ओरडली, बायको फस्सकन हसली, मीही हसलो. आबा हसले नाहीत. मला वाटलं, टळलं. खरंच वाटलं. घाम थांबला.

"चढवा मला वर," काका म्हणाले.

मी एका बाजूनं आणि मास्तरणीनं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना केबिनमध्ये चढवलं. सीटवर अजून कापड नव्हतं, नुसत्या स्प्रिंगांवर गोणपाट टाकलं होतं. ते बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पाठ ताठ केली. मास्तरणीनं फोटो काढला. मग काका समोर बघायला लागले, नाकाच्या शेंड्याकडे, आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. डोळे बारीक केले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हे काय केलंत?" ते म्हणाले.

"काय काका?"

"उजवा गालपण सुजवलात की." त्यांनी काचेतून बोट दाखवलं. "लांब नाकाची गाडी ड्रायव्हर मडगार्डच्या शेंड्यावरून चालवतो. चाक कुठाय ते तिथून कळतं. मला गोण्यांवरून परत गाडीवर घेतलं ना, पहिल्याच दिवशी बघितलं तर डावा गाल सुजलेला. म्हटलं, वर्षभर बसलो नाही, नजर गेली. चष्मा करून घेतला त्यापायी. तरी सुजलेलाच. मग त्या सुजेच्याच हिशोबानं चालवली आयुष्यभर." ते थांबले. "आणि तुम्ही उजवा तसाच केलात, म्हणजे हे माझ्या डोळ्यांत नव्हतं. पत्र्यात होतं."

मी आबांच्या खुर्चीकडे वळलो.

"ते मी केलं," आबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. काठी खुर्चीलाच टेकून राहिली होती आणि ते मडगार्डचा आधार घेत गाडीच्या नाकापाशी आले होते, त्याच डाव्या मडगार्डचा. "कुलपाला आणली होतीस तेव्हा. तू जेवायला गेलास. मी मागे घेताना खांबाला लावली. ठोकली आणि गप्प बसलो. तुला उतरवलं ते माझ्यामुळे."

मी पुढे झालो, आबा पडतील म्हणून. बायकोनं माझी बाही धरून मला जागेवर ठेवलं.

काकांनी आबांकडे बघितलंच नाही. ते काचेतून सरळ समोर बघत होते, जणू गाडी चालू आहे आणि नजर हटवली तर काहीतरी होईल. जबडा हलत होता. मी त्या माणसाला कधी घाबरलो नव्हतो, तेव्हा घाबरलो.

"मला काय सांगतोस?" शेवटी ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला माहितीय मी धडकवली नाही. मला पहिल्यापासून माहितीय. हिला सांग."

मास्तरणीच्या हातातला फोन अजून वरच धरलेला होता.

आबांनी मान वळवायला फार वेळ लावला. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या बापानं गाडी धडकवली नव्हती. मी धडकवली." आणि मग सगळं परत सांगितलं, खांब, पितळ, रंग, आठ दिवस. माझा ताप त्यांनी या वेळी सांगितला नाही.

मास्तरणीनं आधी हसल्यासारखं केलं, जसं आपण कुणी थट्टा करतंय की काय म्हणून करतो. मग तिनं फोन खाली घेतला. केबिनकडे बघितलं. "बाबा," म्हणाली.

"तुझी आई असायला हवी होती," काका काचेकडे बघत म्हणाले.

बायको आत गेली आणि चहा घेऊन आली. ते तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. बाकी सगळ्यांनी घेतला. काकांनी हात आडवा केला. एकतीस वर्षांत आमच्या शेडमध्ये त्यांनी चहा नाकारला नव्हता. आबांनी त्यांचा परत गेलेला कप बघितला आणि स्वतःचाही खाली ठेवला. मी ठोकाठोकी करून जगतो, मला आत्म्याबित्म्यातलं कळत नाही. पण तो कप खाली ठेवताना आबांचं जे तोंड झालं ते मला बघायचं नव्हतं. आणि त्यांना क्षमा मिळायला हवी असंही मला वाटत नव्हतं. दोन्ही एकदमच.

मग आबांनी बाहीनं बॉनेटवरची रेघ पुसली. दोन्ही बाजूंची. खडू काढला आणि डाव्या मडगार्डवर, पितळेच्या दोन्ही अंगांनी, वरपासून कडेपर्यंत पाचरीसारख्या दोन रेघा मारल्या. या वेळी रेघा वाकड्या आल्या.

"इथून काप," मला म्हणाले. "पाचर काढ आणि कडा जवळ आण. उजव्याचंही तसंच. पोट बसेल."

"आत्ता?" मी काकांकडे बघितलं. "काका, खाली उतरा. ठिणग्या उडतील, आवाज होईल."

"होऊ दे," काका म्हणाले. "मी इथूनच बघतो."

मी चष्मा लावला, ग्राइंडर हातात घेतला. चाक पत्र्याला टेकवणार तेवढ्यात मास्तरीण पुढे आली. तिचा आवाज वर्गात असावा तसा कोरडा होता.

"निघेल तो तुकडा फेकायचा नाही," ती म्हणाली. "तो मला द्या. ठिपक्यांसकट."

मी आबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

कापायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तुकडा खाली पडला, वीतभर, कडेला अजून लालसर. मास्तरीण तो निवायची वाट बघत त्याच्याशेजारी उकिडवी बसली. काका वरून डावीकडे बघत होते, जिथे आता नुसती फट होती आणि फटीतून खाली चाक दिसत होतं.